थर्मामीटर थांबतो, मग उष्णता जाते कुठे? अवस्थांतराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशात उन्हाबद्दल कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. भुसावळचा पारा 45 च्या पुढे गेला की पेपरात पहिल्या पानावर आकडा येतो आणि दुपारी बाजारपेठ ओस पडते. दहावीच्या पुस्तकातला 'अप्रकट उष्मा', म्हणजे बर्फाचं पाणी किंवा पाण्याची वाफ होताना (अवस्थांतरात) लागणारी, पण थर्मामीटरला न दिसणारी उष्णता, मात्र मुलांना परका वाटतो आणि त्यांच्या आईवडिलांनाही. खरं तर माठ, कूलर, कुकर, वेफर्सची कढई सगळं त्याच्याच जोरावर चालतं. वर्गात आणि वर्गाबाहेर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. क्रम सोयीचा आहे, अभ्यासक्रमाचा नाही.

खालून गॅस चालू आहे, तरी बर्फ वितळेपर्यंत थर्मामीटर 0 वरच का अडकतो?

कारण थर्मामीटर उष्णता मोजत नाही, तापमान मोजतो. तापमान म्हणजे रेणूंच्या हालचालीचं, म्हणजे त्यांच्या सरासरी गतिज ऊर्जेचं माप. बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठरावीक जाळीत बसलेले असतात. 0 अंशाला पोचल्यावर आपण देतो ती उष्णता ही पकड सोडवण्यात खर्ची पडते. रेणूंची स्थितिज ऊर्जा वाढते, धावपळ वाढत नाही; म्हणून पारा हलत नाही. गाडी भुसावळला थांबली की किलोमीटर वाढत नाहीत, पण चढउतार जोरात चालू असते, तसंच हे.

घरी करून बघायचं असेल तर बर्फाचा बारीक चुरा घ्या, मोठा खडा नको. पातेलं मंद गॅसवर ठेवा आणि सतत ढवळत राहा. न ढवळता थर्मामीटर तळाशी टेकवला तर तो 4-5 अंश दाखवतो आणि मुलं म्हणतात, "सर, पुस्तक चुकलं." पुस्तक बरोबर असतं, तळाचं पाणी तापलेलं असतं आणि बर्फ वर तरंगत असतो. नीट ढवळलं तर पारा 0 च्या आसपास चिकटून राहतो. शेवटचे पातळ तुकडे दिसेनासे झाले, की मग मात्र तो सरसर चढायला लागतो.

लक्षात ठेवायचे आकडे कोणते?

तीन आकडे पुरतात. 1 ग्रॅम पाणी 1 अंशाने तापवायला 1 कॅलरी (4.18 ज्यूल). 0 अंशाचा 1 ग्रॅम बर्फ वितळवायला 80 कॅलरी (334 ज्यूल). 100 अंशाच्या 1 ग्रॅम पाण्याची वाफ करायला 540 कॅलरी (2257 ज्यूल).

आता हे एका ओळीत मांडून बघा. उणे 10 अंशाचा 1 किलो बर्फ घेतला आणि त्याची 100 अंशाची वाफ केली. बर्फ 0 पर्यंत आणायला साधारण 21 किलोज्यूल, वितळवायला 334, ते पाणी 0 वरून 100 वर न्यायला 418, आणि वाफ करायला 2257. एकूण 3030 च्या आसपास. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश खर्च एकट्या शेवटच्या टप्प्यावर, जिथे पारा एक अंशही चढत नाही.

बर्फाची वाफ होईपर्यंतच्या तापमानाच्या आलेखात आडव्या रेषा दोन असतात, मग तिरप्या रेषांचा चढ सारखा का नसतो?

बर्फाची आणि वाफेची विशिष्ट उष्माधारकता (1 ग्रॅम 1 अंशाने तापवायला लागणारी उष्णता) पाण्याच्या निम्मी आहे. तेवढ्याच उष्णतेत ती दुप्पट वेगाने तापतात, म्हणून त्यांच्या रेषा उभट आणि पाण्याची रेषा सपाटीकडे झुकलेली. आलेख काढताना 100 अंशाची आडवी रेषा 0 अंशाच्या रेषेपेक्षा पावणेसात पट लांब हवी. बहुतेक वह्यांमध्ये दोन्ही सारख्याच लांबीच्या असतात!

0 अंशाचा बर्फ आणि 0 अंशाचं पाणी, तापमान सारखं, मग गारवाही सारखाच ना?

अजिबात नाही. टाकीतलं 40 अंशाचं 200 ग्रॅम पाणी घ्या. मे महिन्यात दुपारी नळाला तेच येतं. त्यात 0 अंशाचं 50 ग्रॅम पाणी मिसळलं तर मिश्रण 32 अंशाला थांबेल. त्याऐवजी 0 अंशाचा 50 ग्रॅम बर्फ टाकला तर 16 अंशावर येईल. बर्फ आधी वितळण्यासाठी 16.7 किलोज्यूल ओढून घेतो आणि मग पाणी होऊन पुन्हा गारवा देतो. (ग्लास आणि हवा यांच्याकडून येणारी उष्णता इथे सोडून दिली आहे.)

हे पहिल्यांदा कुणी ओळखलं?

स्कॉटलंडच्या ग्लासगो विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅक यांनी, 1760 च्या दशकाच्या सुरुवातीला. तोपर्यंत समजूत अशी, की बर्फ 0 ला पोचला की थोडीशी उष्णता मिळताच सगळा वितळून जातो. ब्लॅक यांचा मुद्दा साधा होता: तसं असतं तर डोंगरावरचा बर्फ वसंत ऋतूतल्या एकाच उबदार दिवसात वितळून महापूर आले असते, प्रत्यक्षात तो आठवडेच्या आठवडे टिकतो. त्यांनी एका खोलीत सारख्या दोन भांड्यांत बर्फ आणि बर्फाइतकंच गार पाणी ठेवलं. पाणी अर्ध्या तासात जेवढं तापलं, तेवढ्या तापमानाला यायला बर्फाला साडेदहा तास लागले. त्याच विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करणारा तरुण म्हणजे जेम्स वॅट. वाफेचं इंजिन सुधारताना वाफेतल्या या उष्णतेशी त्याचाही संबंध आला.

डाळ उकळायला लागल्यावर गॅस मोठा ठेवला तर लवकर शिजते का?

नाही. पाणी एकदा उकळलं की मोठ्या गॅसनेही ते 100 च्या वर जात नाही, फक्त वाफ जास्त होते. डाळीला लागतं तापमान. तिला वाफेचं प्रमाण कळत नाही. म्हणून उकळी आली की गॅस बारीक करावा, एवढी साधी गोष्ट. सिलेंडरचे भाव बघता ही भौतिकशास्त्रातली सगळ्यात फायद्याची शिकवण असावी.

कुकरमध्ये खेळ वेगळा आहे. वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की उत्कलनांक (उकळण्याचं तापमान) वाढतो, आणि आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. तुरीची डाळ पटकन मऊ होते ती या जास्तीच्या वीस अंशांमुळे. शिट्टी म्हणजे दाब मर्यादेबाहेर गेल्याची खूण. धडाधड शिट्ट्या झाल्या म्हणजे आत जास्त तापलं असं नव्हे.

सातपुड्यातल्या तोरणमाळला भात शिजायला वेळ का लागतो?

उलट कारण. तिथे उंची हजार मीटरच्या वर, हवेचा दाब कमी. दर 300 मीटरला उत्कलनांक साधारण 1 अंशाने उतरतो, त्यामुळे तिथे पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं. जळगावलाही तो अगदी 100 नसतो, थोडा कमीच असतो, पण तेवढ्याने स्वयंपाकात फरक पडत नाही.

केळीचे वेफर्स तळताना बुडबुडे येतात ते तेलाचे का?

तेलाचे नाहीत, पाण्याचे! सावदा, फैजपूर, रावेरच्या रस्त्याला कुठल्याही वेफर्सच्या कढईजवळ दहा मिनिटं उभं राहिलात तर अवस्थांतराचा अख्खा धडा डोळ्यांसमोर होतो.

तेल 170-180 अंशांना तापलेलं असतं. कारागीर किसणी थेट कढईवर धरून कच्चं केळं फिरवतो, चकत्या तेलात पडतात आणि एकदम फेस उसळतो. त्या क्षणी तेलाचं तापमान खाली येतं, म्हणून भट्टी मोठी करावी लागते. चकतीतलं पाणी 100 अंशांला उकळून वाफ होऊन बाहेर पडत असतं. जोपर्यंत आत भरपूर पाणी आहे, तोपर्यंत चकतीचा गाभा 100 च्या फार वर जात नाही, भोवती 170 अंशांचं तेल असलं तरी. म्हणून ती आधी शिजते, लगेच करपत नाही.

मग फेस हळूहळू मंदावतो, आवाजही बदलतो. खळखळ जाऊन बारीक चुरचुर उरते. जाणता कारागीर घड्याळ बघत नाही, आवाज ऐकतो. पाणी संपत आलं की उष्णता खर्ची घालायला काही उरत नाही, चकतीचं तापमान भराभर तेलाच्या तापमानाकडे धावतं, आणि तिथे अर्धा मिनिट उशीर झाला की वेफर तपकिरी. 1 किलो चकत्यांमध्ये 700 ग्रॅम पाणी धरलं तर नुसतं ते उडवायला जवळपास 1580 किलोज्यूल लागतात. वेफर्सच्या धंद्यात इंधनाचा खर्च जातो तो मुख्यतः या पाण्यापायी.

मिठाचं पाणी कढईत शिंपडतात तेव्हा जो तडतडाट होतो, तोही हाच. 1 ग्रॅम पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे-सतराशे पट जागा लागते. चमचाभर पाणी ठीक; पण पेटलेल्या तेलावर पाणी कधीही ओतू नये, ते यामुळेच. झाकण ठेवा, गॅस बंद करा.

उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त का बसतो? दोन्ही 100 अंशच ना?

100 अंशाचं 1 ग्रॅम पाणी कातडीवर पडून 37 अंशांपर्यंत गार होताना साधारण 263 ज्यूल देतं. 1 ग्रॅम वाफ आधी पाणी होताना 2257 ज्यूल देते आणि वरून तेच 263. साडेनऊ पटींहून जास्त. कुकरचं झाकण आपल्या अंगापासून लांबच्या बाजूने उचलायला घरातल्या मोठ्या बायका सांगतात, ते उगाच नाही.

माठातलं पाणी गार होतं, स्टीलच्या टाकीतलं का नाही?

माठाच्या भिंतीला बारीक छिद्रं असतात. पाणी पाझरतं, बाहेरच्या अंगावर येतं आणि हवेत उडून जातं. उडताना लागणारी उष्णता ते आतल्या पाण्याकडूनच घेतं. पाण्याचं बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला होतं, त्याला उकळावं लागत नाही. आणि साध्या हवेच्या तापमानाला 1 ग्रॅममागे 2400 ज्यूलच्या आसपास, म्हणजे उकळताना लागते त्याहून थोडी जास्तच उष्णता लागते.

10 लिटर पाणी 35 वरून 25 अंशांवर आणायला कागदोपत्री फक्त 175 ग्रॅमच्या आसपास पाणी उडावं लागतं. प्रत्यक्षात जास्त उडतं, कारण बाहेरची गरम हवा माठाला सतत तापवत असते. म्हणून माठ सावलीत, पण वारं लागेल असा ठेवायचा. दोन-तीन उन्हाळे वापरलेला माठ गार करत नाही अशी तक्रार येते. पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजलेली असतात. रंगवलेला, चकचकीत माठ तर दिवाणखान्यात शोभेलाच ठेवावा.

कूलर मे महिन्यात झकास चालतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर निकामी होतो, बिघडतो का?

कूलर बिघडत नाही, हवा बदलते. बाष्पीभवन किती होईल हे हवा आधीच किती ओली आहे यावर ठरतं. मेमध्ये दुपारी 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के धरा: अशा हवेत ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर 24 अंशांच्या आसपास दाखवतो. कूलर या मर्यादेच्या खाली जाऊ शकत नाही, पण जाळ्या चांगल्या असतील तर तिच्या बराच जवळ पोचतो. जुलैत 33 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असेल तर तीच मर्यादा 29 ची. चारच अंशांचा फरक, आणि खोलीत वरून दमटपणा. मग अंग चिकचिकतं आणि दोष पंपाला दिला जातो.

खिडकी उघडी ठेवावी का, हा भांडणाचा विषय आहे. ठेवावीच. कूलरने आत ढकललेली ओली हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर तासाभरात खोलीचाच जुलै होतो.

जाळीवर जमणारा पांढरा थर हाही याच धड्याचा भाग. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. बोअरचं पाणी वापरत असाल तर टाकीतलं पाणी दर दोन-चार दिवसांनी पूर्ण काढून टाका, नुसती भर घालत राहू नका.

कूलरच्या टाकीत बर्फ टाकला तर?

थोडा वेळ बरं वाटतं, एवढंच. 1 किलो बर्फ वितळून 334 किलोज्यूल गारवा देतो. तेवढाच गारवा 140 ग्रॅम पाणी उडून मिळतो, फुकट. बर्फाचे पैसे वाचवा आणि जाळीचं गवत बदला.

एसीचा 'टन' म्हणजे वजन का?

होय, बर्फाचं! एक अमेरिकन टन, म्हणजे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो दर म्हणजे 1 टन. गणित करून बघा: 907 गुणिले 334, भागिले 86400 सेकंद, उत्तर साडेतीन किलोवॅट. आता तुलना करा. तासाला 5 लिटर पाणी उडवणारा कूलर 3.3 किलोवॅट दराने हवेतली उष्णता शोषतो, म्हणजे जवळपास एक टनच, आणि पंखा-पंपाला वीज लागते ती शे-दोनशे वॅट. फरक असा, की एसी बंद खोलीतली हवा पुन्हा पुन्हा गार आणि कोरडी करतो. कूलरला सारखी नवी हवा लागते आणि ती तो ओली करतो. कोरड्या उन्हाळ्यासाठी कूलर हे गरिबाचं यंत्र आहे असं मी तरी मानत नाही. ते हुशार माणसाचं यंत्र आहे.

हवा 45 अंश आणि अंग 37, मग माणूस तापून जात कसा नाही?

घामामुळे, आणि फक्त घामामुळेच. हवा अंगापेक्षा गरम असते तेव्हा उष्णता बाहेरून आत येते. बाहेर जायचा एकच रस्ता उरतो, बाष्पीभवन. 1 लिटर घाम उडाला तर 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. टपकून खाली पडलेला घाम मात्र काही नेत नाही.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत एक धोका आहे. घाम येतो तसा उडून जातो, कातडी कोरडीच राहते आणि माणसाला वाटतं आपल्याला घाम येतच नाही. पाणी प्यायचं राहून जातं. शेतात काम करणाऱ्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना लू लागते ती बऱ्याचदा अशी. डोक्याकानांना बांधलेलं उपरणं ओलं करून घेणं हे चांगलं विज्ञान आहे. आणि अंग कोरडं, घसा कोरडा असताना पंखा नुसती गरम हवा मारतो. आधी पाणी, अंगावर ओलं कापड, मग पंखा.

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या मोठ्या मनोऱ्यांतून निघतो तो धूर आहे का?

मधे कंबर बारीक असलेल्या त्या अवाढव्य मनोऱ्यांतून पाण्याची वाफ निघते. वर थंड हवेत तिचे बारीक थेंब होतात, म्हणून पांढरी दिसते. धूर निघतो तो उंच, बारीक चिमणीतून. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेने वाफ होते, ती टर्बाइन फिरवते, आणि मग तिचं पुन्हा पाणी करावं लागतं. पाणी होताना ती तिच्यातली अप्रकट उष्णता टाकते. ती उष्णता दुसऱ्या पाण्यात घेतात आणि ते पाणी मनोऱ्यात शिंपडून त्यातलं थोडं उडू देतात. म्हणजे तो एक प्रचंड कूलरच, आणि म्हणूनच वीज केंद्राला नदीचं इतकं पाणी लागतं.

डाब, तोरणमाळला दव गोठतं, पण थर्मामीटर तर 3-4 अंश दाखवत असतो. बातमी खोटी का?

खोटी नाही. हवामानाचा थर्मामीटर जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, पेटीत, सावलीत असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवताची पाती, गाड्यांचे टप, पेंढा हे आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकतात आणि भोवतीच्या हवेपेक्षा काही अंशांनी गार होतात. पेटीत 3 अंश असताना पात्यावर 0 च्या खाली असू शकतं.

यातही अप्रकट उष्मा आपलं काम करतो, उलट्या दिशेने. वाफेचं दव होताना 1 ग्रॅममागे सुमारे 2500 ज्यूल बाहेर पडतात, दव गोठताना आणखी 334. त्यामुळे दव पडायला लागलं की तापमान घसरण्याचा वेग मंदावतो. हवा फार कोरडी असेल तर दव पडत नाही, ही उष्णता मिळत नाही आणि पहाटेपर्यंत पारा घसरतच राहतो. केळीच्या बागायतदारांना जानेवारीत कोरड्या थंडीची जास्त धास्ती असते ती योग्यच आहे. केळीला नुकसान व्हायला गोठण्याची गरज नाही, 10 अंशांच्या खालीच चरका बसायला सुरुवात होते. रात्री बागेला पाणी देतात त्याचा एक फायदा हा, की विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन उशिरा गार होते.

कापूर वितळताना का दिसत नाही?

तो स्थायूतून थेट वायूत जातो: संप्लवन. त्यालाही उष्णता लागतेच.

तूप एकदम का वितळत नाही, थर्मामीटर त्यातही अडकतो का?

ठरावीक द्रवणांक (वितळण्याचं तापमान) शुद्ध पदार्थाला असतो. तूप हे अनेक स्निग्ध पदार्थांचं मिश्रण. काही घटक लवकर वितळतात, काही उशिरा. म्हणून डिसेंबरात रवाळ, मार्चमध्ये मऊ आणि मेमध्ये पातळ असा प्रवास होतो, आणि आलेखात स्वच्छ आडवी रेषा येत नाही.

उदाहरणं सोडवताना मार्क कुठे जातात?

तीन ठिकाणी. पहिलं, बर्फ उणे तापमानाचा असताना त्याला 0 वर आणायची पायरी विसरली जाते. दुसरं, कॅलरी आणि ज्यूल एकाच गणितात मिसळले जातात; 80 घेतलं तर पाण्याला 1 घ्या, 334 घेतलं तर 4.18. तिसरं, सगळा बर्फ वितळेल असं गृहीत धरलं जातं. 20 अंशाच्या 100 ग्रॅम पाण्यात 0 अंशाचा 50 ग्रॅम बर्फ टाकला तर पाणी 0 पर्यंत येताना फक्त 2000 कॅलरी देतं, आणि बर्फाला हव्यात 4000. उत्तर: निम्मा, म्हणजे 25 ग्रॅम बर्फ वितळतो, 25 ग्रॅम उरतो, आणि तापमान 0. सूत्रात आकडे टाकून उणे 13.33 अंश असं उत्तर आलं, तर खाडाखोड न करता आधी हे तपासा.